खन्नासाहेबांच्या कपाटातलं माझं घड्याळ

मघापासून माझ्या मनगटाकडे बघताय ना? बघा, खुशाल बघा. पट्ट्यावरचा हा तांबडा डाग आहे ना, तो रंग नाही. ती लाख आहे. सरकारी लाख! दोरा बांधून वर वितळवतात, शिक्का मारतात, ती. आता हातातल्या घड्याळाला सरकारी लाख कशी लागली, हे सांगायचं म्हणजे स्वतःची अक्कल चव्हाट्यावर मांडायची. पण तुम्ही घरचेच. मांडतो. तोवर चहा संपवून टाका, कारण पुढे तुम्ही हसणार आणि तो नाकातून येणार.

आधी माझा स्वभाव ऐका. मी संशयी आहे. दुधावर साय जाड आली तरी मला वाटतं, दूधवाल्याला आपल्याकडून काहीतरी हवंय. कुणी दोनदा नमस्कार केला की मी खिसा चाचपतो. बायको म्हणते, "तुम्हाला उद्या देव भेटला तर आधी ओळखपत्र मागाल." मागेन! का नाही मागायचं?

नोकरीही अशी, की स्वभावाला खतपाणीच. दिल्लीत सत्तावीस वर्षं झाली. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही. माझ्या सेक्शनकडून खरेदीच्या फायली जातात. आमच्या गोपनीय अहवालात एक रकाना असतो, सत्यनिष्ठा. त्यात माझ्यापुढे दर वर्षी एकच वाक्य: 'संदेह से परे'. बंगला नाही, गाडी जुनी, राहतो लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. कमाई म्हणाल तर हे वाक्य. आणि गेल्या डिसेंबरात माझ्या प्रमोशनची फाईल वर गेली होती. तो रकाना स्वच्छ राहिला तर अवर सचिव. एक शिंतोडा उडाला, की बसा!

अशा वेळी ते पार्सल आलं.

त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडे चारशे फिरत्या खुर्च्यांचं टेंडर होतं. एका कंपनीचा माणूस चौकशीला आला. मिलिंद कुलकर्णी. आल्या आल्या मराठीत सुरू! "सर, आपण पुण्याचे ना? मीही तिकडचाच." झालं. दिल्लीत कुणी कारण नसताना मराठीत गोड बोललं, की माझे कान उभे राहतात. वर हा म्हणतो, "सर, घड्याळ नाही वापरत?"

माझ्या जुन्या घड्याळाचा सेल गेला होता. तो दर हिवाळ्यात जातो आणि मी दर उन्हाळ्यात बदलून आणतो. पण तुला कशाला रे पंचायत? मी म्हटलं, "वेळ भिंतीवर दिसते." तो हसला. मी नाही हसलो.

टेंडर उघडायचा दिवस आला. सकाळी अकराला रिसेप्शनवरून फोन, "सर, आपका पार्सल." मी काही मागवलं नव्हतं. तरी खाली गेलो, सही केली (ही पहिली चूक), वर आणून उघडलं (ही दुसरी). आत घड्याळ!

काळंकुळकुळीत, दणकट, वीटभर जाड. खेळाडू घालतात तसलं डिजिटल. सोबतचा कागद वाचला. दोनशे मीटर खोल पाण्यात चालेल. आमच्या क्वार्टरला पाणी तिसऱ्या मजल्यावर चढलं तरी आम्ही आनंद साजरा करतो, आणि हे दोनशे मीटर! आपटलं तरी फुटणार नाही. सोलर आहे, उजेडावर चालतं, सेल कधी बदलायला नको. आणि जगभरातल्या शहरांच्या वेळा दाखवतं. मी बटण दाबत गेलो. दुबई. हाँगकाँग. लंडन. हवाल्याच्या रस्त्यावरची सगळी गावं ओळीनं!

खोक्यात एक चिठ्ठी होती. छापील, पण मराठीत. 'तुमच्या वेळातला थोडा वेळ आता आमच्यासाठीही काढा. आजची तारीख विसरू नका!' आणि खाली, पाठवणाऱ्याचं नाव: एम. कुलकर्णी.

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? आजची तारीख! त्याच दिवशी चार वाजता टेंडर उघडणार! वेळ काढा! एम. कुलकर्णी! माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही घाम फुटला असता, तोही दिल्लीच्या डिसेंबरात.

घाबरून मी घड्याळाची सगळी बटणं दाबली. कशासाठी? मलाही माहीत नाही. त्यातलं काहीतरी चालू झालं आणि ते 'पीप' म्हणालं. मी ते खोक्यात कोंबलं आणि तडक व्हिजिलन्समध्ये, म्हणजे दक्षता विभागात, गेलो.

तिथे आमचे खन्नासाहेब. रिटायरमेंटला आलेले, शांत. थंडीत टेबलाच्या ड्रॉवरमध्ये शेंगा ठेवतात. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, वजन करून पाहिलं.

"बढ़िया है चिटनिस जी. लौटा दो, बात ख़त्म."

"नहीं सर. ऑन रेकॉर्ड लीजिए."

"अरे, घड़ी ही तो है."

"सर, मेरी प्रमोशन की फाइल ऊपर है. कल को कोई कहे, कि चिटनिस ने घड़ी पहनी!"

त्यांनी सुस्कारा टाकला, एक शेंग फोडली आणि फाईल उघडली. एवढं मोठं खोकं मावेल असं पाकीट सापडेना, म्हणून घड्याळ बाहेर काढून पट्ट्यातून दोरा ओवला, गाठीवर लाख ओतली, शिक्का मारला. थोडी लाख पट्ट्यावर सांडली. 'वस्तु क्रमांक एक' असा कागद लटकवून घड्याळ त्यांच्या लोखंडी कपाटात गेलं. मला जे हलकं वाटलं म्हणता!

संध्याकाळी घरी आलो. दार उघडलं बायकोनं. शालू नेसलेली, केसात गजरा! माझं पाऊल उंबऱ्यातच थांबलं. डिसेंबरात गजरा स्वस्त नसतो.

"ही साडी कुठली?"

"जुनीच हो. पंचवीस वर्षांपूर्वीची." आणि माझ्याकडे बघून हसली.

जेवायला श्रीखंड-पुरी. एवढ्या गारठ्यात श्रीखंड! मी वाटी हुंगली.

"हे कुणी पाठवलं?"

"कोण पाठवणार? मी केलंय. काल रात्रीपासून चक्का टांगलाय." मग जरा थांबून, "अहो, आज ऑफिसात काही आलं का?"

मी पुरी ताटात ठेवली. हिला कसं कळलं? "काय यायचंय? काही नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना!"

ती उठून आत गेली. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून विचारते, "अहो, किती वाजले?" मी भिंतीवर बघून सांगितलं. पुन्हा दहा मिनिटांनी, "किती वाजले हो?" पुन्हा भिंत. तिसऱ्यांदा ती स्वतः बाहेर आली, माझ्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं आणि आत निघून गेली. मी मनात नोंद केली: पक्षकाराला वेळेत असाधारण रस.

घरात मी एक शब्द बोललो नाही, हे मुद्दाम सांगतो. चौकशी गुप्त होती. फक्त दुसऱ्या दिवशी सहज सुचवलं, "हे बघ, कुलकर्णी नावाचं कुणी आलं तर दार उघडायचं नाही."

"अहो, माझं माहेर कुलकर्णी आहे."

"म्हणूनच सांगतो. त्या आडनावाचा भरवसा नाही."

आता हे मी का बोललो, मला विचारू नका. त्या रात्री पोळ्या गार मिळाल्या.

इकडे ऑफिसात तिसऱ्या दिवशी खन्नासाहेबांचा फोन. "चिटनिस जी, आपकी घड़ी बोलती है."

"बोलती है?"

"हर घंटे. और रोज़ ग्यारह दस पर तो पूरे बीस सेकंड चिल्लाती है. मीटिंग में अलमारी चीख़ी, डायरेक्टर साहब कुर्सी से उछल गए. अँधेरे में है, कब तक चलेगी?"

मी तो कागद जपून ठेवला होता. वाचून सांगितलं, "सर, इसमें लिखा है, एक बार धूप खा ले तो अंधेरे में भी महीनों."

 पलीकडून शेंग फोडल्याचा आवाज आला.

त्याच दुपारी कॉरिडॉरमध्ये मिलिंद कुलकर्णी दिसला. बिचारा नमुन्याची खुर्ची ढकलत आणत होता. "सर, दोन मिनिटं वेळ मिळेल का?"

"वेळ? पुन्हा वेळ?" मी एवढ्यानं ओरडलो की दोन खोल्यांतले लोक बाहेर आले. "आणखी किती वेळ हवाय तुम्हाला? जे सांगायचं ते व्हिजिलन्समध्ये सांगा!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. खुर्ची तिथेच सोडून गेला. त्यानंतर त्या कंपनीकडून एक तमिळ गृहस्थ यायला लागले, ते माझ्याशी फक्त कागदावर बोलत.

सातव्या दिवशी मात्र कळस झाला. रविवार. धुकं असं की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. बायको बाल्कनीत फोनवर होती आणि आवाज दबका. दबका आवाज ऐकला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. पडद्याआड उभा राहिलो.

"पोचलंय रे. सही करून घेतलंय, मी फोनवर बघितलं ना. पण कबूलच करत नाहीत. मी किती आडून आडून विचारलं... नाही रे, घालतही नाहीत. कुणाला दिलं असेल का? मला तर आता भलतंसलतं मनात येतंय."

 सही करून घेतलंय! कबूल करत नाहीत! कंपनी माझ्या घरापर्यंत पोचली होती. माझी बायको फुटली होती!

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"दादा." डोळे लाल.

"कुठला दादा?"

"माझा भाऊ! एकच तर आहे."

"म्हणजे कुलकर्णीच."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की सांगता सोय नाही. ते बघणं रागाचं नव्हतं. रागाचं असतं तर मला कळलं असतं. ते दुखावल्याचं होतं, आणि ते ओळखायची सवय मी कधी लावूनच घेतली नव्हती.

सोमवारी सकाळी मी खन्नासाहेबांसमोर. "सर, मामला गंभीर है. मेरी पत्नी को भी जाँच में लिया जाए."

त्यांनी चष्मा काढला. "चिटनिस जी, भाभीजी को?"

"सत्यनिष्ठा के आगे पत्नी क्या, सर!"

हो, हो, हे वाक्य मी बोललो. ताठ मानेनं बोललो.

"ठीक है," ते म्हणाले. "वैसे भी घड़ी की दुकान को चिट्ठी लिखी थी, जवाब आ गया है. भेजने वाले का पूरा नाम और नंबर. मिलिंद नहीं है. कोई मंजूषा कुलकर्णी है. औरत है." आणि एक भुवई वर केली. "जानते हैं?"

बाई! म्हणजे प्रकरण नुसतं लाचेचं नव्हतं. मला जाळ्यात ओढायला बाई लावली होती! पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला! क्षणभर मला थोडंसं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लगेच सावरलो.

"बिल्कुल नहीं, सर! नाम तक नहीं सुना."

"लिख के दीजिए."

मी लिहून दिलं. जन्मात एवढं नेटकं हिंदी लिहिलं नव्हतं. 'मंजूषा कुलकर्णी नामक महिला से मेरा न कोई परिचय है, न कभी रहा है, और न भविष्य में रखने की कोई इच्छा है.' खाली सही, तारीख.

खन्नासाहेबांनी टेबलावरचा फोन ओढला, स्पीकर चालू केला, नंबर फिरवला. तुम्ही म्हणाल, नंबर माझ्यासमोरच फिरवला, मग ओळखला कसा नाही? पण खरं सांगा, बायकोचा नंबर पाठ असतो का हो कुणाला? माझ्या फोनमध्ये तो 'घर' या नावानं आहे.

पलीकडून आवाज आला, "हॅलोऽ?"

तो शेवटचा लांबवलेला 'लोऽ' मी पंचवीस वर्षं ऐकतोय.  मी दोन्ही हात हलवून खन्नासाहेबांना खूण केली, बंद करा, बंद करा! त्यांनी शांतपणे फाईलवर काहीतरी टिपून घेतलं. चौकशीत असं हात हलवणाऱ्यानं काहीतरी दडवलंय, असंच धरतात.

"आप मंजूषा कुलकर्णी बोल रही हैं?"

"जी... हाँ. बोल रही हूँ." आवाजात जरा आश्चर्य. "बहुत सालों बाद किसीने इस नाम से पूछा."

आणि मग मला तांदूळ आठवले. तांदळाचं ताट! लग्नात ताटात तांदूळ पसरून, सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपली पद्धत. मी लिहिलं होतं 'सुमेधा'. मला आवडलेलं नाव. तेव्हापासून रेशनकार्डावर सुमेधा, आरोग्य कार्डावर सुमेधा, क्वार्टरच्या कागदांवर सुमेधा. घरात मी म्हणतो 'अगं', मुलं म्हणतात 'आई', माहेरी ती एकुलती मुलगी म्हणून सगळे म्हणतात 'ताई'. जुनं नाव उच्चारणारं कुणी उरलंच नव्हतं. उरलं होतं ते फक्त तिच्या लग्नाआधीच्या बँकखात्यात. कॉलनीतल्या मुलांना ती गणित शिकवते, त्याचे पैसे त्या खात्यात जातात. त्या स्वतःच्या पैशांतून तिनं घड्याळ घेतलं होतं. सोलर. का, तर माझा सेल दर हिवाळ्यात जातो म्हणून. दणकट, कारण मी घड्याळं आपटतो म्हणून.

आणि तारीख. शालू, गजरा, श्रीखंड. लग्नात श्रीखंडाचंच जेवण होतं हो!

"आपने मंत्रालय में किसी चिटनिस जी को घड़ी भेजी?"

"जी, भेजी थी. उनको मिली नहीं क्या?"

"आप उनको जानती हैं?"

 मग ती म्हणाली, "पच्चीस साल से उनका डिब्बा बना रही हूँ. जानना उसको कहते हैं या नहीं, पता नहीं."

खन्नासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या शेंगांच्या फोलपटांकडे पाहिलं.

"मैडम," ते अगदी हळू म्हणाले, "उन्होंने लिख के दिया है." आणि त्या सज्जन माणसानं, कर्तव्य म्हणून, माझं निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. 'न भविष्य में रखने की कोई इच्छा है' इथपर्यंत.

त्याच क्षणी अकरा वाजून दहा मिनिटं झाली आणि कपाटात घड्याळ किंचाळायला लागलं. पूर्ण वीस सेकंद. 

मग ती म्हणाली, "ठीक है. उनसे कहिए, मेरी भी इच्छा नहीं है." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो. रस्ताभर मला एकच भीती. प्रमोशनची? छे! ते डोक्यातून पार गेलं होतं. घरी दार उघडलं जाईल की नाही, ही भीती.

दार उघडलं. साखळी लावूनच. फटीतून आवाज आला, "कोण पाहिजे?"

"अगं, मी!"

"आपला परिचय?"

मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून माफी मागितली. कान धरले. शेजारच्या मिसेस नायर भाजी घेऊन वर येत होत्या, त्यांच्यासमोर धरले. म्हटलं, "मंजूषा, चुकलो." हे नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल.  मग साखळी निघाली. डोळे पुसलेले होते. "श्रीखंड संपलं," ती म्हणाली. "पिठलं आहे."

एवढं गोड पिठलं मी आयुष्यात खाल्लं नाही.

आता संपलं असं वाटलं ना तुम्हाला? सरकारात असं संपत नसतं. घड्याळ रेकॉर्डवर होतं. ते सोडवायचं तर पाठवणारी आणि माझी पत्नी एकच, हे सिद्ध करायला हवं. कारण कागदावर मंजूषा वेगळी, सुमेधा वेगळी. आम्ही दोघं लग्नाचा अल्बम घेऊन व्हिजिलन्समध्ये गेलो. ताटात अंगठीनं लिहितानाचा माझा फोटो खन्नासाहेबांनी नीट पाहिला.

"नाम बदला किसने?"

"मैंने, सर."

"और भूला कौन?"

"मैंने ही, सर."

त्यांनी मान डोलवली आणि बायकोपुढे शेंगांचा ड्रॉवर केला. मग फाईलवर शेवटची नोट लिहिली. दोरा कापून घड्याळ माझ्या हातात दिलं. 'वस्तु पत्नी द्वारा प्रदत्त, लौटाई जाती है.' त्याखाली माझ्या जिवाचा प्रश्न होता, तो रकाना. मी श्वास रोखून वाचलं. 'अधिकारी की सत्यनिष्ठा संदेह से परे है.'

हुश्श!

पण वाक्य तिथे संपलं नव्हतं. पुढे स्वल्पविराम होता. 'संदेह से परे है, अक़्ल के बारे में पत्नी की राय ली जाए.'

खन्नासाहेबांनी फाईल बायकोकडे सरकवली. "मैडम, आपके भी साइन लगेंगे. घड़ी आपकी थी."

तिनं नोट वाचली. दोनदा वाचली. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. सत्तावीस वर्षं सरकारी नोकरी माझी, पण कुठे काय लिहायचं हे तिला बरोबर ठाऊक! खाली लिहिलं, 'सहमत'. आणि झोकदार सही ठोकली: मंजूषा कुलकर्णी.

प्रमोशन झालं हो माझं. नव्या खोलीत मी येण्याआधी ती फाईल येऊन बसली होती. वर तांबड्या शाईत शेरा आहे: कायमस्वरूपी जतन करावी.